अमली पदार्थ, आपली मुले आणि आपण

'व्यसन' हा शब्द आपण तंबाखू, दारू, गांजा अशा सवयींसाठी वापरतो. संस्कृतात मात्र त्याचा मूळ अर्थ संकट, आपत्ती असा आहे. कॉलेजात हा अर्थ वाचला तेव्हा तो परीक्षेपुरताच वाटला होता. गेल्या काही वर्षांत शिरूर आणि दौंड या आपल्या दोन तालुक्यांच्या नावाने वर्तमानपत्रांत जे छापून आले, ते वाचल्यावर जुना अर्थच जास्त खरा वाटू लागतो. एरव्ही घरावर संकट आले की माणूस शेजाऱ्याला हाक मारतो. आग लागली, विंचू चावला, पोर विहिरीत पडले, तर सगळी वस्ती धावून येते. पोरगा नशेला लागला की मात्र आपण आधी दार लावून घेतो. या लेखात जे सांगायचे आहे ते या लावलेल्या दाराबद्दल आहे.

मी बँकेत क्लार्क आहे. पोलीस नाही, डॉक्टरही नाही. वाचून, ऐकून आणि काउंटरवर बसून जे समजले तेवढेच लिहितो.

आधी बातम्या काय होत्या ते पाहू. ऑक्टोबर २०२० मध्ये पिंपरी-चिंचवड पोलिसांनी चाकण परिसरात मेफेड्रोन नावाचा अमली पदार्थ पकडला. वजन सुमारे २० किलो. तपासाचा धागा शिरूर तालुक्यातील रांजणगाव औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यापर्यंत गेला आणि माल तेथे तयार झाल्याचे पोलिसांनी सांगितले. त्यानंतर फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे शहर पोलिसांनी दौंड तालुक्यातील कुरकुंभ औद्योगिक वसाहतीत एका रसायन कारखान्यावर छापा घातला. तेथे सहाशे किलोच्या आसपास मेफेड्रोन सापडले. त्याच तपासात पुणे, दिल्ली आणि सांगली जिल्हा येथेही साठे मिळाले आणि एकूण मालाची किंमत पोलिसांनी साडेतीन हजार कोटी रुपयांच्या वर सांगितली. यात कोण दोषी हे ठरवणे न्यायालयाचे काम आहे. आपल्यापुरती गोष्ट एवढीच, की एमआयडीसीतल्या ज्या फाटकातून आपली पोरे रोज हेल्पर म्हणून आत जातात, तसल्याच फाटकांच्या आत हे विष शिजत होते.

इतकी वर्षे आपण समजत होतो की अमली पदार्थ म्हणजे मुंबईच्या झोपडपट्टीतले, पुण्याच्या कॅम्पातले, नाही तर पंजाबच्या सीमेवरचे प्रकरण. घोडनदीच्या किंवा दौंडच्या माणसाने फार तर हातभट्टीची चिंता करावी. तो समज आता टिकत नाही. अर्थात येथे तयार झालेला माल येथेच विकला गेला, असे म्हणणे चुकीचे ठरेल. एवढा मोठा माल लांब जाण्यासाठीच बनवलेला असतो. पण जेथे एखादी वस्तू बनते, भरली जाते आणि वाहिली जाते, तेथे तिच्याभोवती कमी पगाराची, गरजू, तरुण माणसे लागतात, आणि ती आपल्याच वस्त्यांतून मिळतात.

मेफेड्रोन म्हणजे काय?

बाजारात याला 'एमडी' म्हणतात. काही ठिकाणी 'म्याव म्याव' असेही नाव आहे. नाव ऐकून हसू येते. पांढरी किंवा पिवळसर भुकटी असते. ती शेतात पिकत नाही, कारखान्यात रसायनांपासून तयार होते. पूर्व आफ्रिकेत आणि येमेनमध्ये खात नावाच्या झुडपाची पाने चघळण्याची जुनी चाल आहे. त्या पानातल्या उत्तेजक द्रव्याशी नाते सांगणारा हा कृत्रिम पदार्थ आहे. आपल्या देशात फेब्रुवारी २०१५ मध्ये त्याचा समावेश १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात, म्हणजे ज्याला एनडीपीएस म्हणतात त्यात, करण्यात आला.

गांजाने माणूस सुस्त होतो आणि गर्दने गुंगतो. एमडीचे उलटे आहे. ते मेंदूतील आनंदाची रसायने एकदम उधळून देते. झोप येत नाही, भूक लागत नाही, बोलणे वाढते, अंगात बळ आल्यासारखे वाटते. दोन-चार तासांत हे ओसरते आणि मन खाली आदळते. मग पुन्हा घ्यावेसे वाटते. एका रात्रीत अनेकदा घेणारे असतात. पुढे छातीत धडधड, जबडा आवळणे, नाकातून रक्त, वजन घटणे आणि कोणी तरी आपल्यावर पाळत ठेवतो आहे असा संशय, अशी लक्षणे दिसू लागतात. गर्दचा डोस चुकला की होणाऱ्या शारीरिक तडफडीला व्यसनी मुले 'टर्की' म्हणत. एमडीत तशी ठळक तडफड दिसत नाही. म्हणून आईबापांना वाटते, पोरगा आजारी थोडाच आहे, फक्त चिडका झाला आहे. यातच वर्ष निघून जाते.

आपल्याकडे याला एक वेगळी वाट आहे, तिचा उल्लेख केला पाहिजे. रांजणगाव, सणसवाडी, शिकरापूर, कुरकुंभ या पट्ट्यात हजारो तरुण कंत्राटावर काम करतात. बारा-बारा तासांची पाळी, एका खोलीत सहा जण, सुट्टीचा दिवस ठरलेला नाही. अशा मुलाला कोणी 'नाइट शिफ्टला झोप येणार नाही' म्हणून चिमूटभर काही दिले, तर त्याला ते व्यसन वाटत नाही, औषध वाटते. लग्नाच्या वरातीत, डीजेपुढे रात्रभर नाचण्यासाठी म्हणूनही असाच पहिला घास पुढे केला जातो. पहिल्यांदा पैसे मागणारा कोणी नसतो. देणारा मित्रच असतो.

विद्यार्थी मित्रांनी कायद्याचा एक आकडा पाठ करून ठेवावा. मेफेड्रोनच्या बाबतीत कायद्याने 'अल्प प्रमाण' म्हणजे २ ग्रॅमपर्यंत आणि 'व्यापारी प्रमाण' ५० ग्रॅमपासून मानले आहे. व्यापारी प्रमाणाला कमीत कमी १० वर्षे आणि जास्तीत जास्त २० वर्षे सक्तमजुरी आहे, शिवाय किमान १ लाख रुपये दंड. ५० ग्रॅम म्हणजे किती? किराणा दुकानात मिळणारी चहाची लहान पुडी. 'एवढी पुडी अमक्या ठिकाणी पोचव, हजार रुपये घे' असे सांगणारा माणूस त्या हजारात तुमची दहा वर्षे विकत घेत असतो. असल्या गुन्ह्यात जामीनही सहजासहजी मिळत नाही. आपल्या घरांत पहिल्या पिढीचा पदवीधर कसाबसा तयार होतो आहे. त्याच्या नावावर अशी एक नोंद झाली की सरकारी नोकरीच्या चारित्र्य पडताळणीत तो तेथेच थांबतो.

दारू, तंबाखू आणि पंक्चरचे सोल्यूशन

एमडीच्या बातम्या मोठ्या असतात म्हणून बाकीचे लहान समजू नये. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने दिल्लीच्या एम्स संस्थेकडून करून घेतलेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. १० ते ७५ वर्षे वयोगटात १४.६ टक्के लोक दारू पितात, म्हणजे सुमारे १६ कोटी माणसे, असे त्यात म्हटले आहे. गांजा-भांग घेणारे २.८ टक्के. हुंगण्याच्या पदार्थांबद्दलची नोंद मला सर्वांत अस्वस्थ करून गेली. व्हाइटनर, थिनर, पंक्चर काढण्याचे सोल्यूशन रुमालावर घेऊन हुंगणे, हा एकच प्रकार असा आहे की तो मोठ्यांपेक्षा मुलांमध्ये जास्त आहे. रेल्वे जंक्शनच्या गावांना हे नवीन नाही. घर सोडून आलेले पोर पहिल्यांदा फलाटावर उतरते आणि भूक व थंडी विसरायला त्याला दहा-वीस रुपयांत जे मिळते ते हेच. दौंडच्या वाचकांनी फलाटावर असे मूल दिसले तर हाकलून न देता १०९८ या बालसाहाय्य क्रमांकावर कळवावे.

तंबाखूबद्दल थोडक्यात. आपल्या घरांत मिश्री आणि तंबाखूची चंची ही पाहुणचाराची वस्तू होती, त्यामुळे तिला व्यसन म्हणायला आपल्याला संकोच वाटतो. पण मुलाच्या आयुष्यात 'मोठ्यांपासून लपवून तोंडात टाकायची' पहिली वस्तू बहुतेक वेळा तीच असते. लपवण्याचा सराव तेथून होतो. महाराष्ट्रात जुलै २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. २००३ च्या तंबाखू कायद्यानुसार १८ वर्षांखालील मुलाला तंबाखू विकता येत नाही, आणि शाळेपासून १०० यार्डांच्या आत दुकानही चालत नाही. २०१५ च्या बालन्याय कायद्याचे ७७ वे कलम तर मुलाला तंबाखू, दारू किंवा अमली पदार्थ देणाऱ्यास ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड सांगते. हे कलम शाळा समितीच्या बैठकीत मोठ्याने वाचून दाखवावे. शाळेजवळचा टपरीवाला बहुधा आपल्या ओळखीचाच असतो, त्यामुळे तक्रारीआधी त्याच्याशी बोलणे सोपे जाते.

दारूच्या दुकानाबाबत 'उभी बाटली, आडवी बाटली' हा मार्ग महिलांना ठाऊक आहे. २००८ च्या शासन आदेशानुसार गावातील २५ टक्के महिला मतदारांनी मागणी केली तर गुप्त मतदान घेता येते. हा हक्क मोलाचा आहे. पण त्याने परवान्याचे दुकान बंद होते. हातभट्टी नाही, आणि मोबाइलवर निरोप धाडून येणारी पुडी तर नाहीच.

पुण्याने एकदा हे पाहिले आहे

तरुणांतल्या नशेचा प्रश्न आपल्या जिल्ह्याला नवा नाही. १९८० नंतरच्या दशकात ब्राउन शुगर, म्हणजे गर्द, मुंबई-पुण्यात पसरली. पत्रकार-लेखक अनिल अवचट यांनी गर्दच्या आहारी गेलेल्या मुलांमध्ये मिसळून लेख लिहिले. ते वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई अस्वस्थ झाले आणि त्यांनी या कामासाठी एक लाख रुपयांची देणगी देऊ केली. अवचटांच्या पत्नी डॉ. अनिता अवचट येरवड्याच्या मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ होत्या. त्यांच्या पुढाकाराने २९ ऑगस्ट १९८६ रोजी त्याच आवारात 'मुक्तांगण' सुरू झाले. डॉ. अनिता १९९७ मध्ये गेल्या, अनिल अवचट २०२२ मध्ये. काम चालू आहे. त्यांची कन्या मुक्ता पुणतांबेकर यांनी त्याची धुरा पुढे नेली.

मुक्तांगणच्या पद्धतीतल्या दोन गोष्टी मला आपल्या कामाच्या वाटतात. तेथे येणाऱ्याला रुग्ण न म्हणता रुग्णमित्र म्हणतात. एक शब्द बदलल्याने काय होणार, असे कोणी म्हणेल. पण 'बेवडा', 'गर्दुल्ला' हे शब्द ज्याने वस्तीत ऐकले आहेत त्याला विचारावे. दुसरी गोष्ट म्हणजे उपचार फक्त त्या मुलावर होत नाहीत. पस्तीस दिवसांचा मुक्काम असतो, त्या काळात घरच्यांनाही बोलावून बसवतात, बायकांचे वेगळे गट असतात, आणि घरी गेल्यावर वर्षानुवर्षे पाठपुरावा चालतो. व्यसन हा आजार आहे, तो परत उलटू शकतो, आणि उलटला म्हणून माणूस वाया गेला असे नाही, हे घरच्यांना तेथे शिकवले जाते. आपल्याकडे मात्र पोरगा महिनाभर राहून आला की आपण 'सुटली एकदाची' म्हणून पेढे वाटतो, आणि तीन महिन्यांनी तो पुन्हा पडला की 'याच्यावर पैसे फुकट गेले' म्हणतो.

वर सांगितलेल्या २०१९ च्या अहवालात असेही आहे की दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कसली तरी मदत किंवा उपचार मिळाले. बाकीचे ३७ कोठे असतात? घरात, दार लावून. केंद्रे कमी आहेत, पैसे नाहीत, ही कारणे खरी आहेत. पण पहिले कारण 'लोक काय म्हणतील' हेच आहे, असे माझे मत आहे. विशेषतः बहिणीचे लग्न व्हायचे असेल तर.

भाषणाने काय होते?

२६ जून हा जागतिक अमली पदार्थविरोधी दिन. संयुक्त राष्ट्रांनी १९८७ मध्ये तो ठरवला. तोच दिवस राजर्षी शाहू महाराजांच्या जयंतीचा असल्याने महाराष्ट्रात सामाजिक न्याय दिन म्हणूनही साजरा होतो. त्यामुळे आपल्याकडे एकाच व्यासपीठावर दोन्ही कार्यक्रम होतात. प्रतिमेला हार, पाहुण्यांचे भाषण, विद्यार्थ्यांची शपथ, आभार. दुपारी बारापर्यंत सगळे आटोपते. मुलांची खरी जोखमीची वेळ संध्याकाळी सहानंतर सुरू होते, तेव्हा व्यासपीठाच्या खुर्च्यासुद्धा परत गेलेल्या असतात.

हा नुसता टोमणा नाही. अमेरिकेत १९८३ पासून पोलीस अधिकारी शाळेत जाऊन मुलांना अमली पदार्थांविरुद्ध शिकवीत, असा एक प्रचंड कार्यक्रम देशभर चालला. पुढे अनेक अभ्यासांत दिसले की ती मुले आणि इतर मुले यांच्यात फारसा फरक पडला नव्हता. संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थविषयक कार्यालयाने २०१३ मध्ये प्रतिबंधाच्या कामाचे निकष प्रसिद्ध केले. केवळ माहिती देणे, भीती दाखवणे आणि पूर्वी व्यसनी असलेल्या माणसाला शाळेत उभे करून त्याची कहाणी सांगायला लावणे, या तिन्हींचा उपयोग होत नाही, कधी अपायही होतो, असे त्यात आहे. शेवटची गोष्ट आपल्याला पटायला जड जाते, कारण तशी भाषणे फार परिणामकारक वाटतात. पण चौदा वर्षांचे पोर त्यातून काय घेऊन जाते? 'यानेही घेतली होती आणि आता बघा, सत्कार होतोय.' व्यसनातून उठलेल्या माणसाची खरी गरज व्यसनात असलेल्या माणसाला आहे, आणि त्याच्या घरच्यांना. शाळेतल्या मुलांना वेगळे काही लागते.

ते काय, याचे चांगले उदाहरण आइसलँड या देशाचे आहे. देश लहान आहे, चार लाखांहून कमी वस्तीचा, आणि आपल्याहून पुष्कळ श्रीमंत. १९९८ मध्ये तेथील पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्के मुलांनी गेल्या महिन्यात दारू पिऊन झिंगल्याचे सांगितले होते. २०१६ मध्ये हे प्रमाण ५ टक्क्यांवर आले. रोज सिगारेट ओढणारे २३ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर. त्यांनी केले काय? दर वर्षी शाळाशाळांत मुलांना नाव न लिहिता प्रश्न विचारले आणि त्या त्या शाळेचे उत्तर पालकांपुढे ठेवले, म्हणजे 'आमच्या गावात असले काही नाही' म्हणायची सोय उरली नाही. मुलांना खेळ, संगीत, नाच यांसाठी नगरपालिकेने पैसे दिले. रात्री अमुक वेळेनंतर मुले एकटी बाहेर नसावीत हा नियम पाळला, आणि पालक स्वतः गटागटाने संध्याकाळी गल्लीतून फिरले. पालकांनी आपापसात करार केले, की माझ्या घरी तुमच्या मुलाला कोणी दारू देणार नाही आणि तुमचा मुलगा कोठे दिसला तर मी तुम्हाला सांगेन.

या शेवटच्या गोष्टीला पैसे लागत नाहीत. आपल्या वस्तीत तीस वर्षांपूर्वी ती करार न करताच होती. कोणाचेही पोर नको तेथे दिसले तर कोणीही काका त्याचा कान धरत असे. आता कान धरला तर त्याचा बाप भांडायला येतो, म्हणून काका मान फिरवून जातात.

पालि साहित्य वाचणाऱ्यांना दीघनिकायातील सिगाल नावाच्या तरुणाला केलेला उपदेश माहीत असेल. तो भिक्खूंसाठी नाही, घरगृहस्थीच्या उंबरठ्यावरच्या एका तरुणासाठी आहे, म्हणून मला तो फार जवळचा वाटतो. मद्यपानाने धन जाते, भांडणे वाढतात, रोग जडतात, अपकीर्ती होते, लाज सुटते, बुद्धी दुबळी होते, हे तथागत त्याला सांगतात. पण तेवढ्यावर थांबत नाहीत. अवेळी रस्त्यावर भटकणे आणि वाईट सोबत हीसुद्धा नाशाची कारणे म्हणून सांगतात, आणि मग मित्र कोण व मित्राच्या रूपातला शत्रू कोण, याचे कितीतरी विस्ताराने विवेचन करतात. पिण्यापुरता जवळ येणारा तो मित्र नव्हे, हे त्यात येते. वेळ आणि सोबत या दोन गोष्टींवर आइसलँडच्या तज्ज्ञांनीही बोट ठेवले, हे वाचून मला गंमत वाटली.

पाचवे शील आपण दर पौर्णिमेला म्हणतो. बावीस प्रतिज्ञांतही दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. असे असताना १४ एप्रिलच्या काही मिरवणुकांत काय दिसते, ते येथे लिहिले नाही तर हा लेख खोटा ठरेल. वर्गणीतले पैसे रात्री कोठे जातात हे वस्तीतल्या लहान मुलांनाही माहीत असते. बाबासाहेबांच्या प्रतिमेपुढे पिऊन नाचणाऱ्याला कोणी बाजूला घेत नाही, कारण तो कार्यकर्ता असतो. त्या मिरवणुकीत आठवीतला मुलगा झेंडा धरून चालत असतो आणि पाहत असतो. दुसऱ्या दिवशी त्याला शपथ देऊन काय उपयोग? जयंती मंडळांनी इतर काही करण्यापूर्वी, प्यालेला माणूस मिरवणुकीत चालणार नाही एवढा एकच नियम केला आणि तो अध्यक्षांच्या भावालाही लावला, तर त्याचे मोल दहा व्याख्यानांएवढे होईल.

करण्यासारखे आपल्या हातात बरेच आहे. बहुतेक वस्त्यांत विहार आहे. अनेक ठिकाणी त्यात अभ्यासिका चालते, पण ती स्पर्धा परीक्षेच्या मुलांसाठी. ज्याला अभ्यासात गती नाही, दहावीला दोनदा बसला आहे, तो त्या दाराजवळ फिरकत नाही, आणि धोक्यात तोच असतो. त्याच्यासाठी संध्याकाळी सहा ते नऊ कॅरम, कबड्डी, हलगी, वायरमनचे नाही तर मोटारदुरुस्तीचे काम शिकवणारा कोणी, असे काही हवे. त्याला कामही द्यावे. १ जानेवारीला पेरणे येथील विजयस्तंभाला लाखो लोक येतात. ३१ डिसेंबरच्या रात्री, ज्या रात्री तरुणांच्या हातात पहिला ग्लास दिला जातो, त्याच रात्री पाणी, भोजन, प्रथमोपचार आणि वाहनतळ यासाठी शेकडो स्वयंसेवक लागतात. अशा मुलाला आपण मुद्दाम बोलावून बिल्ला लावतो का? की तेथेही हुशार आणि गुणी मुलांचीच यादी करतो?

दार उघडायचे कसे?

समजा, घरात मुलगा घेतो आहे हे कळले. बाप पहिल्यांदा मारतो, आई पहिल्यांदा लपवते. पोलिसांची भीती तर दोघांनाही असते. ती भीती सर्वस्वी खरी नाही, हे फार थोड्यांना माहीत आहे. एनडीपीएस कायद्यातच ६४-अ असे एक कलम आहे. व्यसनाच्या आहारी गेलेल्या माणसावर फक्त सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असेल, आणि तो स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य संस्थेत उपचार घ्यायला तयार होऊन ते घेत असेल, तर त्या गुन्ह्यासाठी त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडले तर मात्र ही सवलत काढून घेता येते. म्हणजे इतक्या कडक कायद्यानेही आजारी माणसासाठी एक दार उघडे ठेवले आहे. विकणाऱ्याला ते दार नाही.

केंद्र निवडताना सावध असावे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू आणि अमली पदार्थांमुळे होणारे मानसिक विकारही येतात. त्यामुळे असे उपचार करणारी संस्था नोंदणीकृत असली पाहिजे, आणि रुग्णाला साखळीने बांधण्यास या कायद्याने पूर्ण बंदी आहे. 'आमच्याकडे सोडा, तीन महिने भेटायला येऊ नका, सरळ करून देतो' असे सांगणाऱ्याकडे मूल सोडू नये. पाठपुरावा कसा करता आणि घरच्यांना कधी बोलावता, हे दोन प्रश्न विचारले की संस्थेची परीक्षा होते. मार्गदर्शनासाठी १४४४६ हा केंद्र सरकारचा निःशुल्क क्रमांक आहे. कोठे विक्री होत असेल तर ती माहिती १९३३ या क्रमांकावर देता येते. तो जुलै २०२४ पासून सुरू आहे आणि नाव न सांगताही कळवता येते.

आता थोडे माझ्या काउंटरवरचे. ओळख पटेल असे काही लिहीत नाही. नशा लागलेल्या घराची कहाणी अनेकदा आईबापांआधी पासबुकाला कळते. एरव्ही महिन्याला दोनदा पैसे काढणारा मुलगा रोज दोनशे, तीनशे काढू लागतो. रात्री एक-दोन वाजता लहान लहान रकमा एकाच नावावर जातात. शिष्यवृत्ती जमा होते त्याच दिवशी खाते रिकामे होते. मग आई येते आणि गळ्यातले मंगळसूत्र सोनेतारण ठेवायचे म्हणते. कारण विचारले तर 'घरात आजारपण आहे' सांगते. ते एका अर्थाने खरेच असते. बँकेच्या माणसाला खातेदाराची गोष्ट दुसऱ्याला सांगता येत नाही, आणि सांगूही नये. पण अठरा वर्षांखालच्या मुलाचे खाते पालकांनी महिन्यातून एकदा भरून घ्यावे आणि मुलाला शेजारी बसवून वाचावे. पोलिसी चौकशीसारखे नाही, लाइट बिल वाचतो तसे.

मुलगा उपचार घेऊन परत आला की घरचे बहुधा त्याचे एटीएम कार्ड आणि मोबाइल काढून घेतात. हेतू चांगला असतो, पण कामावर जाणाऱ्या बावीस वर्षांच्या मुलाला बससाठी रोज हात पसरावा लागला की तो पंधरा दिवसांत घर सोडायची भाषा करतो. त्यापेक्षा त्याच्या संमतीने, त्याच्याच सहीने बँकेत अर्ज करावा. कार्डावरून दिवसाला किती रक्कम निघावी याची मर्यादा खातेदाराला स्वतः कमी करून घेता येते. मोबाइलवरून पैसे पाठवण्याची मर्यादाही कमी करून मिळते, किंवा ती सोय काही महिने बंद ठेवता येते. पगार जमा होणाऱ्या खात्यातून ठरावीक रक्कम दर महिन्याच्या दुसऱ्या दिवशी आपोआप आवर्ती ठेवीत जावी अशी सूचना देता येते, आणि ती ठेव आई व मुलगा या दोघांच्या संयुक्त नावावर, दोघांच्या सहीशिवाय मोडता येणार नाही अशी ठेवता येते. अर्ज साधा असतो. भरायला अडचण आली तर सुट्टीच्या दिवशी विहारात मी भरून देतो. येताना पासबुक आणि आधार कार्डाची प्रत आणावी, आणि मुलाला बरोबर घेऊन यावे.